तान्ह्या पोळ्याची मोजणी

आमच्या ऑफिसात एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी धरत. सायकल म्हणजे अर्धी मोटार, रिक्षा म्हणजे दोन, ट्रक म्हणजे तीन. हे कोष्टक कोणी केलं ते मला माहीत नाही, पण ते भिंतीवर काचेत लावलेलं होतं आणि त्याला रोज सकाळी चपराशी उदबत्ती ओवाळायचा. विचार असा की बैलगाडी हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून तिचं वजन जास्त. विचार चूक नव्हता. आमच्या ऑफिसात विचार कधीच चूक नसायचे, फक्त ते वापरायला आम्ही असायचो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच ओव्हरसिअर म्हणून लागलो होतो. गावात कोणाला मोठं काही बांधायचं असलं, कारखाना म्हणा, गोदाम म्हणा, टॉकीज म्हणा, तर त्याच्यामुळे रस्त्यावर किती गर्दी वाढेल आणि फाटक कोणत्या बाजूला द्यावं, हे आमचं ऑफिस ठरवायचं. म्हणजे साहेब ठरवायचे. मी रस्त्याच्या कडेला उभं राहून वाहनं मोजायचो.

त्या वर्षी एका शेठजींनी टॉकीज बांधायला काढलं. जागा कोपऱ्याची. समोर मोठा रस्ता, बाजूला बेसाकडून येणारा लहान रस्ता. त्या वेळी बेसा हे नागपूरबाहेरचं खेडं होतं. तिकडून सकाळी भाजी, कडबा, जळाऊ लाकूड घेऊन वीस-पंचवीस बैलगाड्या यायच्या, संध्याकाळी रिकाम्या परत जायच्या. शेठजींना टॉकीजचं फाटक लहान रस्त्यावर हवं होतं, कारण मोठ्या रस्त्याच्या बाजूनं त्यांना दुकानं काढायची होती. शेठजींचं बरोबर होतं. अडचण एवढीच होती की लहान रस्त्याच्या पलीकडे, अगदी त्या फाटकासमोर, प्राथमिक शाळा होती.

शाळा म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि पुढे मैदान. शाळेत नळ नव्हता. नळ रस्त्याच्या अलीकडे, टॉकीजच्या जागेच्या मागं जी वस्ती होती, तिच्या तोंडाशी. पोरं वस्तीतली. सकाळी रस्ता ओलांडून शाळेत, मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून पाण्याला, पुन्हा शाळेत, दुपारी घरी. टॉकीजचा बाराचा खेळ सुटायची आणि पोरं सुटायची वेळ एकच येणार होती.

शाळेच्या मोठ्या बाईंनी हरकत घेतली. बाई त्याच वस्तीतल्या. छप्पन साली म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून धम्मदीक्षेला नेलेल्या, वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, आणि आता पांढऱ्या पातळात, हातात छत्री घेऊन आमच्या ऑफिसात येऊन बसणाऱ्या. छत्री ऊन नसलं तरी असायची. साहेबांच्या टेबलावर ती आडवी ठेवून त्या बोलायच्या. साहेब पुण्याहून बदलून आले होते आणि टेबलावर कोणी छत्री ठेवलेली त्यांना चालायची नाही, पण बाईंना तसं सांगायची हिंमत त्यांना झाली नाही.

साहेब म्हणाले, "हे पहा बाई, आपल्या भावना समजल्या. आता मोजणी होईल. आकडे काय ते सांगतील."

बाईंनी मला बाहेर गाठलं. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा तो फॉर्म दाखवा बरं."

मी दाखवला. त्यांनी एकेक रकाना बोट ठेवून वाचला. मोटार, ट्रक, बस, स्कूटर, रिक्षा, सायकल, बैलगाडी.

"पायी चालणाऱ्यांचा कुठाय?"

मी म्हटलं, "तो नसतो बाई."

"मग माही पोरं कशात मोजान?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. वरिष्ठांना विचारतो वगैरे. त्यांनी फॉर्म परत दिला आणि छत्री उघडून निघून गेल्या. मला त्यांचा राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

आता मोजणीचा दिवस ठरवायचा. नियम असा की लागोपाठ दोन दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मोजायचं. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं आणि दोन दिवस काढले. कोणते, तर पोळा आणि पोळ्याचा दुसरा दिवस. मी चाचरत म्हटलं, साहेब, या दोन्ही दिवशी नागपुरात सुट्टी असते. साहेब म्हणाले, "म्हणूनच. कामाच्या दिवशी माणसं मोकळी असतात का? सुट्टीच्या दिवशी सगळे मोकळे." ह्या वाक्यावर पंचवीस वर्षं सरकारी नोकरी करून झाली तरी मला उत्तर सापडलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला बैल जुंपत नाहीत. कोणीच जुंपत नाही. वर्षभर कष्ट करणाऱ्या जनावराला त्या दिवशी न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. त्या दिवशी ज्यानं बैलाच्या मानेवर जू ठेवलं, त्याच्या घरी गावात कोणी पाणी पिणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. तो लेकरांचा. लाकडी बैल असतो, खाली चार चाकं, पुढे दोरी. पोरं तो ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाचा खाऊ; प्रत्यक्षात तो बैलाचा मालक खातो. त्याच दिवशी सकाळी जुन्या नागपुरात मारबत निघते. गावातली सगळी ईडापीडा घेऊन जा म्हणून माणसं ओरडतात आणि त्या कागद-बांबूच्या बाईला गावाबाहेर नेऊन जाळतात.

अशा दोन दिवशी साहेबांनी बेसाच्या रस्त्यावरच्या बैलगाड्या मोजायला लावल्या.

माझ्या हाताखाली एक जमादार होते. कामठीहून रोज सायकलनं यायचे. पन्नाशी उलटलेले, तोंडात पान, अंगात खाकी कोट. लिहिणं-वाचणं येत नव्हतं, पण रेघा मारण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता. चार उभ्या, पाचवी आडवी, सगळ्या सारख्या, छापल्यासारख्या. त्यांना रकाने कळावेत म्हणून मी दरवेळी फॉर्मवर डोक्याशी चित्रं काढून द्यायचो. मोटार, सायकल, रिक्षा बरी जमायची. बैलगाडीची पंचाईत. रकाना शेवटचा आणि अरुंद. बैल काढला की गाडीला जागा उरायची नाही. म्हणून मी बैल काढायचो आणि त्याच्या पोटाखाली दोन चाकं टाकायचो. इतके दिवस कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी मी आणि जमादार सकाळी सहापासून शाळेच्या कुंपणाशी बसलो. दहापर्यंत दोन सायकली आणि एक दूधवाला गेला. शेठजींच्या मुनीमजींनी दोनदा चहा पाठवला. बैलगाड्यांचा रकाना संध्याकाळी सहा वाजता कोरा. मुनीमजींनी स्वतः येऊन तो पाहिला, हसून मान हलवली, आणि आम्हाला पेढे देऊ लागले. जमादारांनी पेढा घेतला. मीही घेतला. लपवून काय करायचं.

मला दिसत होतं काय होणार ते. रस्ता रिकामा आहे, फाटक खुशाल द्या, असा कागद होणार आणि त्याच्यावर माझी सही असणार. बाईंची छत्री डोळ्यांसमोर येत होती. मी काय केलं? मी दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांना फॉर्म दिला, म्हटलं, "जमादार, आज तुम्हीच सांभाळा. चित्र पाहा आन् रेघ मारा. काही सोडू नका." आणि सायकलवर टांग मारून इतवारीत मारबत पाहायला गेलो. तसाही रस्ता रिकामाच राहणार होता. मारबत मात्र वर्षातून एकदाच.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात जमादारांनी माझ्यापुढे कागद ठेवले. एक नाही, पाच. बैलगाडीचा रकाना भरून समासात गेला होता, समास भरून पाठीमागे गेला होता. सगळ्या रेघा सारख्या, छापल्यासारख्या.

"काहून हो जमादार, हे काय?"

"बैल," जमादार म्हणाले.

"इतके? तान्ह्या पोळ्याला?"

"शाळेच्या मैदानात तं भरला होता ना साहेब पोळा. सारे लेकरं वस्तीतून इकडे, मंग बोजारा घ्याले तिकडे, मंग पुन्हा इकडे. मी तं बसलोच नाही. पानबी नाही खाल्लं. तुमी म्हटलं होतं, चित्र पाहा अन् रेघ मारा. बैल होता, खाली चाकं होते. एकबी नाही सुटला."

मी फॉर्मच्या डोक्यावरचं माझं चित्र पाहिलं. पोटाखाली चाकं असलेला बैल. तो लाकडी बैलच होता. त्याला दुसरं कोणी काही म्हटलंच नसतं. जमादारांची चूक काढावी अशी एकही जागा त्या कागदात नव्हती, आणि ते माझ्याकडे शाबासकीसाठी पाहत होते. मी म्हटलं, "शाब्बास."

त्या आकड्याला आठनं गुणलं. जो आकडा आला तो मी दोनदा पुन्हा गुणून पाहिला. त्या हिशोबानं बेसाचा रस्ता सीताबर्डीच्या भर बाजाररस्त्याच्या वर गेला होता.

मी साहेबांकडे खरं सांगायलाच गेलो होतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण सांगायची सुरुवात कुठून करायची? मी जागेवर नव्हतो इथून. आणि मी तोंड उघडण्याआधी साहेबांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. पहिल्या दिवसाचा कोरा रकाना त्यांना खटकत होता. "शून्य म्हणजे मोजलंच नाही, असं ऑडिटवाले म्हणतात," ते म्हणाले. "पोळ्याचा दिवस रद्द करा. दुसऱ्या दिवसाचाच आकडा धरा. हा कसा भरीव आहे." साहेबांनी सही केली. त्यांची सही फार सुंदर होती. त्या सहीखाली लाकडी बैल खरे झाले.

सुनावणीला शेठजी स्वतः आले. आकडा ऐकून उठून उभे राहिले. "साहब, इतनी बैलगाड़ियाँ तो पूरे नागपुर में नहीं हैं!"

त्या खोलीत तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं. साहेब शांतपणे म्हणाले, "आकडे आहेत शेठजी. आकड्यांशी वाद नसतो." शेठजींना फाटक मोठ्या रस्त्यावर न्यावं लागलं आणि तिकडची निम्मी दुकानं गेली. बाई माझ्या टेबलाशी आल्या, छत्री टेकवली, म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मोजलं बरं झालं." आणि कागदात बांधलेले चिवडा-लाडू ठेवून गेल्या. ते मी जमादारांबरोबर खाल्ले. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खोटं आपसूक झालं, चांगल्यासाठी झालं, आणि मारबतही पाहून झाली. असा तिहेरी फायदा सरकारी नोकरीत वारंवार होत नाही.

कागदी घोडे नाचवणारी ऑफिसं पुष्कळ आहेत. लाकडी बैल नाचवणारं आमचंच. आणि हे बैल नाचून थांबले नाहीत. आमच्याकडे पद्धत अशी की एकदा मोजलं की पुन्हा मोजायचं नाही. जुन्या आकड्यात दरवर्षी थोडी वाढ धरायची. कारकून जून महिन्यात गुणाकार करून नवा आकडा लिहून ठेवायचा. लाकडाचा बैल, पण आमच्या दप्तरात तो दरवर्षी व्यात होता. खऱ्या बैलगाड्या त्याच काळात कमी होत गेल्या. बेसाची भाजी टेम्पोतून यायला लागली. एखाद्या जूनमध्ये मला वाटायचं, एक ओळ लिहून टाकावी: सदर मोजणीत लाकडी बैल धरले गेले आहेत, तरी रद्द समजावी. मी ती ओळ मनात इतक्या वेळा लिहिली की ती मला पाठ झाली. कागदावर मात्र बढतीचं वर्ष आलं, मग मुलीच्या ॲडमिशनचं वर्ष आलं, मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांना जुनं काढलेलं आवडायचं नाही.

ऐंशी सालानंतर रस्ते रुंद करायची लाट आली. सगळ्यात जास्त वाहतुकीचे रस्ते आधी, असं ठरलं. यादी आमच्याच ऑफिसातून गेली. तिच्यात बेसाचा रस्ता पहिल्या पानावर होता. रुंदी वाढवायची तर एका बाजूला टॉकीज, दुसऱ्या बाजूला शाळा. टॉकीज पाडता येत नव्हतं. शाळा पाडता येत होती. व्हरांडा आणि पुढच्या दोन खोल्या रस्त्यात जाणार, उरलेल्या दोन खोल्यांत शाळा चालणार नाही, म्हणून पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत हलवायची, असा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. मी नव्या साहेबांना म्हटलं, "एकदा फेरमोजणी करू." ते म्हणाले, "काहून? आकडा आहे ना?"

तिथे मी ती ओळ तोंडानं म्हणू शकलो असतो. मी म्हणालो नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. मी तर बैल दिसत असताना झोपा केला नाही.

चुन्यानं रेघ आखायला मीच गेलो. मैदानातून व्हरांड्यावर, व्हरांड्यावरून खोलीच्या उंबऱ्यात. बाई दारात उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असतील. रेघ त्यांच्या पायाशी आली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला आणि विचारलं, "भाऊ, ह्या रस्त्यावर एवढ्या गाड्या कोणत्या आहेत? मी तं रोज इथंच असतो. मले काहून दिसत नाही?"

आणि मी सांगितलं. सगळं. पोळा, मारबत, चित्र, जमादार, आठनं गुणणं. त्या ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांना हसू आलं, खरंखुरं, तोंडाला पदर लावून. पाच कागद भरले म्हटल्यावर. मग हसू गेलं.

"म्हणजे ते माहेच लेकरं होते," त्या म्हणाल्या. "मीच तं भरवला होता तो पोळा. घरी आमच्या सण नाही, पण लेकराईले मैदान पाहिजे होतं म्हणून. मुरमुरे मीच वाटले."

"हो बाई."

"तुमच्या फॉर्मात त्याईले जागा नव्हती. बैल होऊन मोजल्या गेले. अन् आता त्याईच्याच गर्दीसाठी त्याईची शाळा पाडून राहिले तुम्ही."

मी म्हटलं, "चूक झाली."

"चूक तं जमादारानं केली. ती चांगली झाली होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प राहिले. एक ओळ लिहाची होती भाऊ. इतकी वर्षं."

मी चुन्याची बादली उचलली आणि रेघ पुरी केली. मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज घेऊनही हात चालत राहिला, याची आज जास्त वाटते.

पावसाळ्यात शाळा पडली. रस्ता रुंद झाला. त्याच्यावर वाहतूक म्हणाल तर सायकली आणि वस्तीतली कुत्री. नवी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, म्हणजे बरोबर टॉकीजच्या फाटकासमोर. जे फाटक लाकडी बैलांनी पोरांच्या वाटेतून काढून मोठ्या रस्त्यावर नेलं होतं, ते आता मोठ्या रस्त्यावर पोरांच्याच वाटेत उभं होतं. बाराचा खेळ आणि शाळेची सुट्टी, वेळ तीच.

नव्या शाळेचा पहिला दिवस होता. मी सकाळी रजा टाकून तिथे गेलो. खिशात घडी घातलेला फॉर्म होता. त्याच्या शेवटच्या रकान्यावर मी आदल्या दिवशी एक माणूस काढला होता, पाय असलेला. कागदावरच्या आमच्या पापाला तेवढंच पुण्य, असं काहीतरी डोक्यात होतं. टॉकीजच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या, मिटलेली छत्री आडवी धरून. छत्रीमागं पोरांची रांग. ट्रक येत होते, सिटी बस येत होत्या, पहिल्या खेळाच्या तिकिटाला आतापासून माणसं जमत होती.

मी फॉर्म बाहेर काढला तसा बाईंनी माझ्या हातातला कागद पाहिला.

"मोजाले आले असान तं तिकडे खांबापाशी उभे राहा," त्या म्हणाल्या. "हात धराले आले असान तं शेवटचे दोन लेकरं धरा. ते लहान आहेत."

मी कागद खिशात घातला आणि दोन्ही हात धरले. बाईंनी छत्री उचलली, एक बस थांबली, आणि आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर एका पोरानं माझा हात सोडला नाही, तो मलाच सोडवून घ्यावा लागला.

बाई निवृत्त होईपर्यंत रोज तिथे उभ्या राहिल्या, निवृत्त झाल्यावरही काही वर्षं. मी तो एकच दिवस गेलो. दुसऱ्या दिवशी मला ऑफिस होतं.